वाटणी कुणी केली?

(अंबरनाथ येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मनाच्या अभ्यासात प्रयोग कसे करतात, या विषयावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा मोबाइलवर फिरणाऱ्या दोन-चार अमेरिकन गोष्टी त्यांच्या डोळ्यांसमोर असाव्यात. विजेचे झटके द्यायला लावणारा मिल्ग्रॅम, स्टॅनफर्डच्या तळघरातला खोटा तुरुंग वगैरे. या गोष्टी रंगतात, म्हणून तर फिरतात. पण 1971 सालच्या ऑगस्टमध्ये झालेला तो तुरुंगाचा खेळ प्रयोग म्हणून कच्चा होता. कैदी कोण आणि पहारेकरी कोण हे नाणं उडवून ठरवलं, इथपर्यंत ठीक. मात्र संशोधक झिम्बार्डो स्वतःच तुरुंगाधिकारी होऊन बसले, आणि पहारेकऱ्यांना आधीच पढवलेलं होतं हे पुढे ध्वनिफितींवरून उघड झालं. सत्ता हातात आली की माणूस क्रूर होतो, असं त्यावरून सांगतात. ‘क्रूर हो’ असं न सुचवलेला पहारेकऱ्यांचा दुसरा गट कुठे होता? नव्हताच. मग तुलना कशाशी करायची?

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात प्रयोगाचे प्रकार दिलेले असतात: प्रयोगशाळेतला प्रयोग, क्षेत्रीय प्रयोग, नैसर्गिक प्रयोग, प्रयोगसदृश संशोधन. परीक्षेला चार गुणांसाठी विचारतात, मुलं पाठ करतात आणि विसरतात. मला वाटतं, प्रयोग कुठे केला यावरून पाडलेले हे प्रकार फारसे कामाचे नाहीत. कुठल्याही प्रयोगासमोर उभं राहून एक प्रश्न विचारावा. काहींना एक गोष्ट मिळाली आणि काहींना मिळाली नाही, ही वाटणी कुणी केली? नाण्याने, सरकारने, नदीने, साखर कारखान्याने, की ज्याची त्याने आपल्या मर्जीने? या उत्तरावर प्रयोगाचं वजन ठरतं. ते आज आपल्याच परिसरातल्या आणि आपल्याच देशातल्या उदाहरणांवरून तपासून पाहू.

प्रयोगशाळेपासून सुरुवात करतो, पण तिथे फार रेंगाळणार नाही. पुणे विद्यापीठ 1949 साली सुरू झालं. प्रा. व्ही. के. कोठुरकरांनी तिथे उभ्या केलेल्या विभागाच्या नावातच ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ होतं. ज्यांनी बी. ए. ला हा विषय घेतला असेल त्यांना आरशात बघून चांदणी गिरवण्याचा प्रयोग आठवत असेल. हात दिसत नाही, आरशातली चांदणी दिसते, आणि पेन्सिल भलतीकडे जाते. आधी डाव्या हाताने एकदा गिरवायचं, मग उजव्या हाताने सराव करायचा, मग पुन्हा डाव्याने गिरवायचं. डावा हात सुधारलेला असतो. एका हाताचं शिकणं दुसऱ्या हाताला पोचलं, असं आपण वहीत लिहितो. पण काही मुलांना मधल्या वेळात नुसतं बसवून ठेवलं, सराव दिलाच नाही, तरी त्यांचाही डावा हात दुसऱ्या खेपेला थोडा सुधारतो, कारण आरशाची भीती गेलेली असते. म्हणून सराव केलेल्यांची सुधारणा वजा नुसत्या बसलेल्यांची सुधारणा, हे खरं उत्तर. त्या नुसत्या बसलेल्यांना नियंत्रित गट म्हणतात. सरावाला कोण आणि बसायला कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. हौशी मुलं सरावाला आणि कंटाळलेली बसायला, असं झालं की वही वाया गेली.

प्रयोगशाळेचं बळ एवढंच आहे आणि ते मोठं आहे: वाटणी तुमच्या हातात असते. तिचं दुबळेपण असं, की आरशातली चांदणी आयुष्यात कुणी गिरवत नाही. शिवाय बंद खोलीतले निष्कर्षही टिकतातच असं नाही. मानसशास्त्राच्या तीन नियतकालिकांतले 100 अभ्यास अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून पुन्हा करून पाहिले. 2015 साली त्याचा अहवाल आला, आणि मूळ निष्कर्षाला पुष्टी देणारा ठोस निकाल जेमतेम 36 टक्के वेळा मिळाला. हा या शास्त्राचा पराभव आहे असं पुष्कळांनी लिहिलं. आपली झडती आपणच घेऊन आकडा छापणारी शास्त्रं फार नाहीत, असं मी म्हणेन.

आता प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडू.

15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या. गंगेचं पाणी नाहीसं झालं, अमुक दिवशी आणखी मोठा धक्का बसणार, ग्रहणाच्या दिवशी प्रलय होणार, अशा त्या अफवा होत्या. गंमत अशी, की या जिथून गोळा झाल्या तिथे धक्का जाणवला होता, पण घरं फारशी पडली नव्हती. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी 1950 साली दार्जिलिंगला दरडी कोसळल्यावर तसाच अभ्यास केला. तिथे माणसं प्रत्यक्ष उद्ध्वस्त झाली होती, आणि तिथे ‘यापेक्षा भयंकर येणार’ अशा अफवा आढळल्या नाहीत. अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर यांनी हे दोन्ही भारतीय अभ्यास शेजारी शेजारी ठेवले, आणि त्यांतून 1957 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाजलेल्या सिद्धांताचा एक धागा निघाला. पोटात भीती आहे आणि आजूबाजूला भिण्यासारखं काही दिसत नाही, अशा वेळी माणूस भीतीला शोभेल असं कारण तयार करतो, असं त्यांचं म्हणणं. जगभरच्या पुस्तकांत फेस्टिंगर यांचं नाव राहिलं. पाटण्याचं नाव तळटीपेत गेलं.

याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. वाटणी धरणीने केली: एका जागी नुसता हादरा, दुसऱ्या जागी विध्वंस. पण नीट पाहिलं तर इथे दोन आपत्ती आहेत, दोन प्रदेश आहेत, मध्ये 16 वर्षं आहेत आणि विचारणारे वेगळे आहेत. अफवांमधला फरक विध्वंसामुळे पडला की यांतल्या आणखी कशामुळे, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

यापेक्षा चांगली मांडणी बदलापूरच्या नदीकाठी आपल्यासमोर आहे. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवासी बोटींनी काढावे लागले. नदीकाठच्या एखाद्या तीन मजली इमारतीचा विचार करा. तळमजल्यावर छातीभर पाणी, दुसऱ्या मजल्यावर कोरडं. जिना एक, दूधवाला एक, व्हॉट्सअ‍ॅपचा गट एक. फक्त पाणी काहींना मिळालं आणि काहींना नाही. पुढच्या जुलैत पाऊस लागला की धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या कुणाच्या मोबाइलवरून जास्त पुढे जातात, तळमजल्यावरून की दुसऱ्या मजल्यावरून? फेस्टिंगर यांचं म्हणणं इथे तपासता येईल. तेही पूर्ण निर्दोष नाही. तळमजला स्वस्त मिळाला म्हणून कुणी घेतलेला असतो, गुडघे दुखतात म्हणून कुणी. म्हणजे वाटणी नदीने केली तरी नदीच्या आधी खिशाने आणि वयाने थोडी करून ठेवलेली असते. आणि 2005 च्या त्या पुरानंतर दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत पाणी येतंय अशी हूल उठली आणि चेंगराचेंगरीत पंधराच्या वर माणसं गेली. ती माणसं पुरात प्रत्यक्ष भिजलेली होती. फेस्टिंगर यांच्या सिद्धांतात ही घटना सहज बसत नाही. म्हणूनच ती अभ्यासण्यासारखी आहे.

नदीवरून सरकारकडे येतो, आणि सरकार म्हटलं की इथे उल्हासनगर आलंच. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं गेलं. 8 ऑगस्ट 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. जुनी माणसं अजून कॅम्प नंबर एक ते पाच याच हिशोबात पत्ता सांगतात. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकी, त्यांना मध्ये पडदे आणि भिंती घालून केलेली घरं, आणि भिंतीपलीकडे नवा शेजार. मानसशास्त्राच्या दृष्टीने ही विलक्षण गोष्ट आहे, कारण शेजारी निवडण्याची मुभा माणसाला एरवी असते आणि तीच संशोधकाची मुख्य अडचण असते. मिळूनमिसळून राहणारी माणसं मिश्र वस्तीत घर घेतात. मग मिश्र वस्तीत सलोखा दिसला, तर तो वस्तीने आणला की माणसं येतानाच घेऊन आली?

अमेरिकेत मॉर्टन डॉइच आणि मेरी कॉलिन्स यांनी 1951 साली हीच गाठ सोडवण्याचा प्रयत्न केला. सरकारी गृहप्रकल्पांत न्यूयॉर्क शहराने गोऱ्या आणि काळ्या कुटुंबांना रंग न पाहता घरं दिली होती. शेजारच्या नेवार्कने त्यांना वेगवेगळ्या इमारतींत ठेवलं होतं. न्यूयॉर्कच्या प्रकल्पांतल्या गोऱ्या गृहिणींचं काळ्या शेजारणींविषयीचं मत आणि वागणं नेवार्कपेक्षा कितीतरी मोकळं निघालं. अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर नेवार्कने आपलं धोरण बदललं. हा प्रयोगसदृश अभ्यास आहे. वाटणी घरवाटप कार्यालयाने केली, नाण्याने नाही. न्यूयॉर्क आणि नेवार्क ही शहरंही एकसारखी नव्हती, आणि ही फट दोघांनी स्वतःच मान्य करून तिच्यावर पानंच्या पानं खर्च केली. मला त्यांचं हे वागणं निष्कर्षापेक्षा जास्त आवडतं.

त्याच सुमारास युनेस्कोच्या वतीने गार्डनर मर्फी हे मानसशास्त्रज्ञ 1950 साली भारतात आले होते. फाळणीनंतरच्या तणावांचा अभ्यास करायला त्यांनी भारतीय संशोधकांचे गट उभे केले. 1953 साली आलेलं मर्फी यांचं पुस्तक त्याच कामावर आहे. मुंबईत सी. एन. वकील आणि पेरिन कॅबिनेटमेकर यांनी विस्थापितांच्या मनात सरकारविषयी काय आहे याची पाहणी केली, तिचं पुस्तक 1956 साली आलं. बंगालमध्ये बी. एस. गुहा यांनी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या दोन वसाहती घेतल्या. एक जिरात, सरकारने वसवलेली. दुसरी कलकत्त्याजवळची आझादगढ, निर्वासितांनी स्वतः जागा धरून वसवलेली. कागदावर ही जोडी मोहात पाडणारी आहे. सरकारने बसवलेली माणसं आणि स्वतः बसलेली माणसं, यांच्यापैकी कुणाच्या मनात कडवटपणा कमी? पण विचारा की वाटणी कुणी केली. आझादगढला जो गेला तो पोलिसांशी दोन हात करायच्या तयारीनेच गेला. त्याचा स्वभावच वेगळा. वसाहतीने त्याला घडवलं म्हणावं, की त्याने वसाहतीला?

उल्हासनगरच्या बराकींवर असा अभ्यास आज कुणी हाती घेतला तर त्याने प्रश्नावली छापायच्या आधी एक काम करावं. खोल्या कशा दिल्या गेल्या ते शोधावं. आल्या क्रमाने दिल्या, की गाववाले गाववाल्यांना धरून राहिले? शिकारपूरची कुटुंबं शिकारपूरकरांच्या शेजारी आणि हैदराबादची हैदराबादकरांच्या, असं झालं असेल तर तो प्रयोग नव्हे. रांगेत जो पुढे त्याला पुढची खोली, असं झालं असेल, तर मात्र जगातल्या थोड्या जागी सापडेल असा खजिना इथे आहे. ज्या आजी-आजोबांनी ती रांग लहानपणी पाहिली ते आता नव्वदीकडे झुकलेत. हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

साखर कारखाना वाटणी करतो, असं मघाशी म्हटलं तेव्हा काहीजण हसले. पण गेल्या काही वर्षांतला मला सर्वांत हुशार वाटलेला नैसर्गिक प्रयोग उसाचा आहे. तो तमिळनाडूतला आहे, आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. ऊस तयार असला तरी तोड कधी मिळेल हे शेतकऱ्याच्या हातात नसतं, कारखान्याच्या कार्यक्रमात असतं. तोडीआधी खिसा रिकामा, बिल जमा झालं की भरलेला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी 54 गावांतल्या 464 शेतकऱ्यांची तोडीआधी आणि तोडीनंतर अशी दोनदा बुद्धीची चाचणी घेतली. तोडीआधी 78 टक्के लोकांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं, नंतर 4 टक्के. आकृत्यांच्या दहा कोड्यांपैकी सरासरी बरोबर उत्तरं आधी 4.35 आणि नंतर 5.45. माणूस तोच, शाळा तीच, जातपात तीच. फक्त हातात पैसा आला. गरिबाला अक्कल कमी असते असं शहाणपण पाजळणाऱ्यांनी 2013 चा हा शोधनिबंध एकदा वाचावा. चिंता डोक्यातली जागा खाते, असा त्याचा अर्थ.

यात एक छिद्र तुमच्या लक्षात आलं असेल. तीच कोडी दुसऱ्यांदा पाहिल्यावर कुणालाही बरी सुटतात, आरशातल्या चांदणीसारखीच. त्यावर उपाय म्हणून त्यांनी 100 शेतकरी बाजूला ठेवले आणि त्यांना कोडी पहिल्यांदाच तोडीनंतर दिली. तेही चांगलेच सोडवू शकले. तोडीच्या तारखा गावागावांत महिनोन्‌महिने पुढेमागे असतात, त्यामुळे सणासुदीचा किंवा हवामानाचा हा परिणाम आहे असंही म्हणता येत नाही. निष्कर्षावर टीका झाली, आकडेमोडीवर वाद झाले, ते चालायचंच. मांडणी मात्र देखणी आहे.

आता महाराष्ट्रातला एक प्रयोग, जो मानसशास्त्राच्या विभागात झालाच नाही. डॉ. जयंत नारळीकर हे खगोलशास्त्रज्ञ, प्रा. सुधाकर कुंटे हे संख्याशास्त्रज्ञ, डॉ. नरेंद्र दाभोलकर, आणि एकेकाळी स्वतः ज्योतिष सांगणारे प्रकाश घाटपांडे, अशा चौघांनी 2008 साली पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. 200 मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या: 100 हुशार म्हणून नावाजलेली, 100 मतिमंद मुलांच्या शाळांतली. पत्रिका मांडल्या, नावं काढून टाकली, सांकेतिक क्रमांक घातले. प्रत्येक ज्योतिषाकडे 40 पत्रिका आणि एकच काम: हे मूल हुशार की मतिमंद, ते सांगा. 51 जणांनी तयारी दाखवली, 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 40 पैकी 17.25 बरोबर. नुसतं नाणं उडवलं असतं तर 20 आले असते. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या, तिची 102 उत्तरं बरोबर आली.

कोणती पत्रिका कुठल्या मुलाची हे ज्योतिषांना ठाऊक नव्हतं, आणि पत्रिका हाताळणाऱ्यांनाही नव्हतं. किल्ली विद्यापीठात बंदिस्त. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. वाटणी चोख असूनही प्रयोग बिघडतो तो इथे: विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तर त्याच्या भुवईवरून ते समोरच्याला कळतं. हे मुद्दाम होत नाही, म्हणून जास्त धोकादायक.

सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या ज्योतिषाला 24 मिळाले होते. हरलेल्या बाजूचा एखादा म्हणेल, बघा, त्याला तर कळतंय ना! इथे संख्याशास्त्र लागतं. 27 माणसांनी प्रत्येकी 40 वेळा नाणं उडवलं तर त्यांतल्या तीन-चार जणांना 24 किंवा त्याहून जास्त छाप पडणारच. 28 मिळाले असते तर मात्र मीही खुर्चीत सावरून बसलो असतो, कारण तेवढे योगायोगाने शंभरात एकदाही येत नाहीत. या प्रयोगाकडे आपण अंधश्रद्धेच्या वादात एका बाजूचं हत्यार म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. माणसाची खात्री आणि माणसाची अचूकता या दोन गोष्टींचा परस्परांशी किती थोडा संबंध असतो, याचा तो मराठीतला उत्तम धडा आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकात यायला हवा.

क्षेत्रीय प्रयोगाकडे वळतो, म्हणजे माणसं जिथे जगतात तिथेच जाऊन, पण वाटणी नाण्याने. मुंबईत ‘प्रथम’ या संस्थेने महापालिका शाळांमध्ये बालसखी योजना चालवली. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी, मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वर्गातून बाहेर काढून रोज दोन तास त्यांना वाचन आणि गणित शिकवणार. 2001 ते 2003 या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबईत आणि बडोद्यात तिची परीक्षा घेतली. पुढे 2019 साली दोघांना नोबेल मिळालं. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांचा प्रयोग मुंबईतल्या पालिका शाळांत झाला होता, हे फारसं सांगत नाही.

अडचण अशी होती, की नाणं उडवून अर्ध्या शाळांना बालसखी नाकारायची कशी? मुख्याध्यापक कबूल होणार नाहीत, आणि का व्हावं? तोडगा निघाला. प्रत्येक शाळेला बालसखी मिळेल, पण काही शाळांत एका इयत्तेसाठी, इतरांत दुसऱ्या इयत्तेसाठी. मग एका शाळेतली बालसखी न मिळालेली इयत्ता ही दुसऱ्या शाळेतल्या त्याच इयत्तेचा नियंत्रित गट. रिकाम्या हाताने कुणीच गेलं नाही आणि तुलनाही साधली. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्यांचा झाला. माणसांवर प्रयोग म्हणजे काहींना वंचित ठेवणं, असं जे सरसकट बोललं जातं, त्याला हे उत्तर आहे.

शेवटी रेल्वे. या सभागृहातले निम्मे लोक उद्या सकाळी सीएसएमटी गाडी पकडतील, तेव्हा हा विषय टाळून चालणार नाही. 2009 च्या अखेरीस मध्य रेल्वेने हार्बर मार्गावरच्या वडाळ्यात, रूळ ओलांडताना होणारे मृत्यू कमी करण्यासाठी, ‘फायनल माइल’ या वर्तनशास्त्राच्या सल्लागारांना एक प्रयोग करू दिला. भिंत नाही, दंड नाही, ‘रूळ ओलांडणे गुन्हा आहे’ अशी पाटीही नाही. कारण रूळ ओलांडणाऱ्याला ते बेकायदा आहे हे माहीत असतंच. त्याची चूक कायद्याची नाही, अंदाजाची असते. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असं डोळ्यांना वाटतं. समोरून येणाऱ्या लोकलच्या बाबतीत हाच धोका असतो, हे हर्शेल लाइबोविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली मांडलं होतं. म्हणून ‘फायनल माइल’ने ठरावीक अंतरावरचे स्लीपर पिवळेधमक रंगवले. गाडी ते पट्टे भराभर गिळताना दिसली की वेग कळतो. मोटरमनना एक लांब भोंगा देण्याऐवजी दोन तोकडे भोंगे द्यायला सांगितलं, कारण आवाजांमधली शांतता कान टवकारायला लावते. आणि ओलांडण्याच्या जागी छायाचित्रं लावली, गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भयाने फाटलेला चेहरा, तीन चौकटींत. काम एका नटाने केलं होतं.

आधीच्या सहा महिन्यांत तिथे 23 बळी गेले होते. डिसेंबर 2009 ते जून 2010 या काळात 9 गेले, असे आकडे तेव्हा प्रसिद्ध झाले. जगभर कौतुक झालं, आणि कल्पना खरोखर कौतुकाचीच आहे. पण आपला प्रश्न विचारू या. वडाळा कुणी निवडलं? तिथे मृत्यू फार होत होते म्हणून ते निवडलं गेलं. आणि जी जागा एखाद्या वर्षी फार वाईट निघते ती पुढच्या वर्षी आपोआपही थोडी बरी निघते, काहीही न करता. तीन उपाय एकदम केले, तेव्हा गुण कशाचा? ताप आल्यावर गोळी घेतली, काढा प्यायला आणि दृष्टही काढली, तर बरं झाल्यावर आजी म्हणणार दृष्ट काढल्यामुळे. शेजारच्या, काहीच न केलेल्या दुसऱ्या जागेचे आकडे सोबत हवे होते. त्याशिवाय 14 जीव वाचले म्हणणं हे आशेचं वाक्य आहे, पुराव्याचं नाही. परवानगीचा प्रश्न आहेच: रूळ ओलांडणाऱ्या कुणाला विचारून तो चेहरा दाखवला नव्हता. माझ्या मते इथे न विचारणं क्षम्य आहे, कारण पिवळ्या पट्ट्याने कुणाचं नुकसान होत नाही, आणि पाटी लावतानाही आपण कुणाला विचारत नाही. पण कुणाला हे मान्य नसेल तर त्याचंही म्हणणं ऐकून घ्यावं.

हा प्रयोग नीट करायचा तर तो आपल्याकडे करावा. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी या पट्ट्यात लोक रोज कुठे कुठे रूळ ओलांडतात ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पायवाटाच पडलेल्या असतात. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेमुळे त्या सगळ्या हलणार आहेत, म्हणजे वेळ थोडा आहे. लोहमार्ग पोलिसांच्या नोंदींवरून अशा बारा जागा काढाव्यात, सर्वांत वाईट तेवढ्याच नव्हेत, मधल्याही. नाणं उडवून सहा जागी पट्टे रंगवावेत, उरलेल्या सहा जागी वर्षानंतर. छायाचित्रं नकोत, दोन भोंगेही नकोत, यंदा फक्त पट्टे. मृत्यू एवढ्या कमी जागी मोजून पुरणार नाहीत, तेव्हा गाडी दिसल्यावर किती जण थांबतात आणि किती जण धावतात ते कॅमेऱ्यावरून मोजावं, आणि मोजणाऱ्याला चित्रफितीत रूळ दिसू देऊ नयेत, नुसती माणसं दिसू द्यावीत. काय सापडेल असं आपल्याला वाटतं, ते आधी कागदावर लिहून, पाकीट बंद करून ठेवावं. नाणं प्लॅटफॉर्मवर, लोकांसमोर उडवावं. यासाठी विद्यापीठ लागत नाही. एखाद्या महाविद्यालयाचा मानसशास्त्र विभाग, स्टेशन मास्तरांची परवानगी आणि पिवळ्या रंगाचे काही डबे एवढं पुरे. प्रश्नोत्तरांच्या वेळात कुणाला त्या बारा जागा सुचवायच्या असतील तर समोरच्या बाकावर कोरा कागद ठेवलेला आहे.